रस्त्याकडेचा तुझा बाक

आई, तुझ्या नावाचा बाक शेवटी देवळापुढे बसला नाही. घोटावड्याच्या रस्त्याला, आपल्या बांधालगत, कारखान्याच्या गाड्या थांबतात तिथे तो बसवलाय.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण नानांचं खाकरणं ऐकलं की माझे पाय अजून जागच्या जागी थांबतात. तू भाकरी थापायचीस तेव्हा हाताच्या तालावर तुझी टाच जमिनीवर पडायची. अजून दिसतं, लहानपणी मी तुझ्या मागे उभी राहून तसेच पाय आपटते आहे, ओटीवर नाना, तुझे थोरले दीर, खाकरतात, आणि तुझा पिठाचा हात माझ्या पोटरीवर बसतो. "पाय गप ठिव. नानास्नी ऐकू जाईल." तमाशा सोडून तू या घरात आलीस, वडिलांनी राजरोस लग्न करून आणलं, तरी पंगतीत तुझ्या शेजारचा पाट रिकामाच राहायचा. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

गेलेल्या माणसाच्या नावाने देवळापुढे बाक द्यायची आपल्याकडे रीत. तुझा राहिला होता. मी लवळ्याच्या कॉलेजात ग्रंथालयात आहे. तिथे व्याख्यानाला आलेल्या एका बाईंनी पडद्यावर जुन्या रोममधला थडग्याचा दगड दाखवला. रंगमंचावर नाचणारी, कोवळ्या वयात गेलेली पोर. ती नाचायची हे तिच्या माणसांनी दगडावर कोरून घेतलं होतं. असे दगड तिकडे रस्त्याकडेला उभे करत म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून वाचावं म्हणून. मी अंधारात बसून रडले. बाहेर आल्याआल्या बाकवाल्याला फोन केला, नावाखाली 'तमाशा कलावंत' असं कोरा.

बाक टेम्पोतून देवळापुढे आला आणि नाना आडवे आले.

"ह्यो शबुद हितं चालायचा न्हाई. पुसून आन, न्हाईतर माघारी ने."

"कोरलेलं पुसत नाही, नाना."

"मग हितं कसा बसतोय त्ये मी बघतो. लई शिकलीस व्हय?"

माणसं जमली होती. टेम्पोवाल्याला म्हटलं, वळव गाडी, आमच्या बांधावर घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर नाना बाकावर. बरोबर मधोमध, पाठ टेकून. शब्द पुरता झाकलेला. कारखान्याच्या गाड्या गेल्या, कॉलेजची पोरं गेली, तोवर हलले नाहीत. मी तणतणत पुढे झाले. "उठा नाना, लोकांना वाचू द्या."

"मी हाय तवर न्हाई वाचायचं कुनी," म्हणाले आणि आणखी रेलून बसले.

तेव्हापासून रोज येतात. वर त्यांना मीच चहा नेऊन देते, आहे का नाही गंमत! पण आई, या घरातलं माणूस चारचौघांत तुझ्याजवळ कधी बसलं नव्हतं. आता रोज बसतं, रागाने का होईना.

काल ते आले नाहीत. शब्द उघडा होता, दोन पोरी थांबून वाचत होत्या, मला हवं होतं अगदी तसं. आणि मी मात्र त्यांच्या दाराकडे बघत होते, ताप-बीप आला की काय म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून हेही लिहून टाकते. आज ते पुन्हा काठी टेकत आले, तुला पाठ लावून बसले, आणि मला बरं वाटलं.