तू-मी, तू-मी

प्रिय दादा,

विक्रमच्या व्हिडिओचा वेग वाढवलेला आहे. बातमी पक्की आहे, कारण आज दुपारी फोनवर खुद्द विक्रमनेच ती दिली. त्याला लाजही वाटत नव्हती. "दीदी, सब करते हैं," म्हणाला. मी फोन ठेवला आणि उठून हात धुतले. म्हणून हे पत्र.

तुझा लाडका विद्यार्थी ना तो? रविवारी इथे लखनौत, जानकीपुरममध्ये तुझ्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवलाय त्याने, आणि हा व्हिडिओ त्याची जाहिरात. मागे तुझा हार घातलेला फोटो, पुढे गिटार घेऊन विक्रम, आणि बोटं अशी पळतायत की दिसतच नाहीत. मला संशय आला तो उदबत्तीमुळे. तिचा धूर इंजिनासारखा भकाभका वर चालला होता. तू रेल्वेत होतास, म्हणून उदबत्तीचंही इंजिन व्हावं का रे?

‘किळस’ हा शब्द मी तुझ्या घरी फार स्वस्तात वापरला. गिटारच्या तारा छेडायला उजव्या हाताची वाढवलेली तुझी ती नखं! जेवायच्या टेबलावर पॉलिश पेपरने घासायचास, आणि भुकटी वरणाच्या वाटीकडे. नखं खराब होतील म्हणून मलिहाबादचा दशहरी आंबा काट्याने खाणारा अख्ख्या लखनौत तू एकटाच असशील. मी नाक मुरडायचे. पण ती किळस नव्हती. किळस काय असते, ते आज दुपारी कळलं.

तू शिकवायचास तरी काय? आलमबागच्या त्या खोलीत, खालून बसचे हॉर्न, आणि तू तो टकटक ठेका देणारा मेट्रोनोम अगदी सावकाश लावून बसलेला. तर्जनी म्हणजे ‘तू’, मधलं बोट म्हणजे ‘मी’. तार एकदा हिने छेडायची, एकदा त्याने. दुसऱ्या तारेवर जाताना तेच बोट पुन्हा आलं की तू हात धरायचास. "मी-मी नको."

मराठीचा गंध नसलेली ती मुलं तू-मी, तू-मी घोकत बसायची. विक्रम तर आजही लोकांना सांगतो की हा स्पॅनिश शब्द आहे. तू कधी त्याची चूक सुधारली नाहीस. का? मजा वाटायची ना? मग भोग आता. शब्दाचा अर्थच ज्याला ठाऊक नाही, त्याला मी-मी कसं खटकणार?

तरी एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर थापांची सवय होते. पण तुझ्या रेवाने तो व्हिडिओ पाहिला, आपली बोटं अशी पळत नाहीत म्हणाली आणि तुझी गिटार पेटीत घालून ठेवली. रोज संध्याकाळी न चुकता रियाजाला बसणारी मुलगी ती. मी विचारलं तर तुझ्यासारखाच खालचा आवाज लावून म्हणाली, "आत्या, पापा ने मुझे ही गलत सिखाया क्या?"

तुझ्या लेकीने तुझ्यावर शंका घेतली, दादा. तीही तुझ्याच फोटोपुढे रचलेल्या खोट्यामुळे. एवढी घाण मी बातम्यांतही क्वचित पाहिली.

आज संध्याकाळी मी तिला तो धूर दाखवला, विक्रम काय बोलला तेही सांगितलं. ती बघत राहिली. मग तिची दोन बोटं मांडीवर चालायला लागली. एक, मग दुसरं. सावकाश.

विक्रमला कळवलंय: व्हिडिओ काढून टाक, नाहीतर त्यातून दादाचा फोटो आणि नाव काढून टाक. "सोचकर बताता हूँ" म्हणालाय. माझा अंदाज, तो तुझं नाव काढून टाकेल आणि व्हिडिओ ठेवेल. काढू दे.

रविवारी रेवा आलमबागच्या खोलीत गिटारची पेटी उघडणार आहे. मी समोर बसेन. मला वाजवता येत नाही, पण तेच बोट पुन्हा आलं तर दिसेल, आणि मी हात धरीन. आणि यापुढे जो कुणी विचारेल त्याला सांगेन की हा शब्द स्पॅनिश नाही. मराठी आहे, आणि त्यात ‘तू’ आधी येतो.

तुझी,
नंदू