पाण्याच्या कूलरला वळसा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घे). नवे दात नीट बसले का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते तुझ्याआधीच हसायला लागतात. डॉक्टरांना सांगून जरा घट्ट करून घे. काकांचा रक्तदाब कसा आहे, आणि बातम्या लागल्या की टीव्हीशी भांडणं कमी झालं का? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरी हकिगत अशी की तुझी सूनबाई आणि तिचे वडील एकमेकांशी बोलत नाहीत. कित्येक महिने झाले. ते आमच्याकडे येत नाहीत, ही तिकडे जात नाही, आणि दोघांचे निरोप पोचवून पोचवून माझा पार पोस्टमन झाला आहे. पुढचं सगळं वाचून तू हसशील, हस बापडी, पण ही एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, ती आधीच सांगून टाकतो.

भांडण कशावरून, तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, म्हणजे माझ्याच पोटापाण्यावरून. महापालिकेच्या वाहतूक विभागात मी पट्टे आखतो हे तुला माहीत आहेच. आमचे सासरे सायकलस्वार संघाचे अध्यक्ष. शहरात सायकलींसाठी वेगळा पट्टा झाला तो त्यांनी आमच्या साहेबांना सळो की पळो करून सोडलं म्हणून (मुलगा पट्टे आखतो एवढं कळल्यावर त्यांनी लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल दुसरं काही विचारलंच नव्हतं). आणि अशा माणसाच्या मुलीनं ई-स्कूटर घेतली. बसायची नव्हे, उभ्यानं चालवायची: एक फळी, दोन लहान चाकं आणि छातीपर्यंत येणारा दांडा. एका रविवारी सासरे आमच्याकडे चहाला आले आणि संघातर्फे पालिकेला पाठवायची तक्रार त्यांनी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली. हेल्मेट घातलेली एक बाई सायकलींच्या पट्ट्यातून घंटी न वाजवता त्यांना ओलांडून गेली होती, आणि तिला आईबापांनी काही शिकवलेलं दिसत नाही, असा शेवट होता. सूनबाईनं शांतपणे कप खाली ठेवला. ‘‘ती मी होते. घंटी वाजवली होती. आणि बापानं काय शिकवलं ते बापालाच विचारा, समोर बसलाय.’’ झालं. तक्रार मागे घेणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. स्कूटर सोडणार नाही, वेळेचा प्रश्न आहे, असं ही म्हणाली. आणि अर्धा चहा तसाच टाकून सासरे निघून गेले.

त्यातच वरून आदेश आला की नव्या वाहतूक धोरणात ई-स्कूटरना जागा करून द्या. जागा काय आमच्या खिशात असते? मोटारींचा रस्ता कमी करायला गेलं की मोटारवाले अंगावर येतात, पदपथ कमी करावा तर पदपथ उरलाय कुठे? राहिला सायकलींचा पट्टा. त्यात दोन्ही वाहनं मावतात का, हे चाचणी घेऊन ठरवायचं होतं. चाचणीसाठी रस्ता बंद करायला परवानगी लागते, ती आमचाच विभाग देतो, आणि देणारे कारकून रजेवर होते (स्वतःच स्वतःला ताटकळत ठेवणं म्हणजे काय, हे सरकारी नोकरीशिवाय कळत नाही). तेव्हा मोठ्या साहेबांनी तोडगा काढला: कार्यालयाचा तळमजल्यावरचा व्हरांडा पट्ट्याएवढाच रुंद आहे, तिथेच खडूनं रेघा मारा. आता स्कूटर आणायची कुठून? धोरण मंजूर झाल्याशिवाय ती विकत घेता येईना, आणि ती चालवून पाहिल्याशिवाय धोरण मंजूर होईना. शेवटी सूनबाईची स्कूटर मागून आणली. ती कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती, म्हणून तीही आली. सायकलवाल्यांचे प्रतिनिधी म्हणून सासरे आले. दोघं व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे राहिले आणि मधून माझी निरोपांची ये-जा सुरू झाली.

व्हरांड्यात अडचण एकच होती, पाण्याचा कूलर, आणि त्याला खेटून आमच्या शिपायांची खुर्ची. कूलर हलवणं देखभाल विभागाचं काम. शिपायांना हलवणं हे कोणत्याच विभागाला जमलेलं नाही. म्हणून खडूच्या रेघा त्या दोघांना वळसा घालून पुढे नेल्या. सूनबाई झोकात गेली, सासरे सतत घंटी वाजवत गेले, आणि तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण साहेबांना हुरूप आला. ते स्कूटरवर चढले, कळ दाबली आणि सरळ लेखा विभागात शिरले. साहेब आले म्हणून सगळे अदबीनं उभे राहिले. साहेब दुसऱ्या दारानं बाहेर गेले म्हणून बसले. ब्रेक सापडेना, त्यामुळे साहेब फेरी मारून परत आले, सगळे पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला कुणी बसलंच नाही. अखेर शिपायांनी खुर्चीवरून न उठता एक पाय पुढे केला आणि साहेब कूलरला मिठी मारून थांबले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चाचणी यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि शेरा मारला की चाचणीतला पट्टा जसाच्या तसा रस्त्यावर उतरवावा.

आमच्या नकाशे काढणाऱ्या गृहस्थांना सगळे फूटपट्टी म्हणतात. एकदा नकाशात विजेचा एक खांब राहून गेला म्हणून त्यांना मेमो मिळाला होता, तेव्हापासून ते जागेवर दिसेल ते सगळं काढतात (बागेच्या नकाशात एक झोपलेलं कुत्रं आहे, मापासकट). त्यांनी व्हरांड्यातल्या रेघा मोजल्या आणि जशाच्या तशा रस्त्याच्या नकाशात उतरवल्या. त्यावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. नीट पाहिला मात्र कुणीच नव्हता. रंगवणारे नकाशाबरहुकूम रंगवून मोकळे झाले, आणि भर रस्त्यात, शिंप्याच्या दुकानासमोर, आमचा पट्टा नसलेल्या कूलरला आणि नसलेल्या खुर्चीला वळसा घालून जायला लागला. लोकही इतके गुणी की निमूट वळून जातात. मधल्या रिकाम्या चौकोनात काय होणार यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे कारंजं, कुणी म्हणे पुतळा, आणि साहेबांना विचारलं की ते फक्त सूचक हसतात.

तर आत्या, त्या वळणावर पट्टा इतका अरुंद आहे की एका वेळी एकच वाहन जातं. आणि पहिल्याच सकाळी एका बाजूनं सासरे आले, दुसऱ्या बाजूनं तुझी सूनबाई. मागं कोण सरणार? दोघांच्या मागे रांगा लागल्या. हिनं शिंप्याला सांगितलं, यांना म्हणावं मागे घ्या. शिंप्यानं तोंडात टाचण्या धरूनच तो निरोप पोचवला. सासरे काही वेळ स्कूटरकडे बघत राहिले. मग सायकल उभी केली, पिशवीतून पाना काढला आणि खाली बसून स्कूटरच्या दांड्याचा नट आवळायला लागले. ‘‘दांडा ढिला आहे,’’ ते जमिनीकडे बघत म्हणाले. ‘‘घरात कुणाचं लक्ष नसतं वाटतं.’’ (हा टोला मला होता, मी बसमधून उतरून नुकताच तिथे पोचलो होतो.) नट आवळून होईपर्यंत हिनं दांडा धरून ठेवला. मला भरून आलं, अगदी भर रस्त्यात. त्या दिवसापासून दोघांची रोज सकाळी तिथे गाठ पडते. कधी साखळीला तेल, कधी चाकात हवा, काहीतरी निघतंच. बोलणं फक्त यंत्राविषयी, आणि घरी जायचं नाव कुणी काढत नाही. पण ते लवकर येऊन थांबतात, आणि ही उशीर झाला तरी दुसऱ्या रस्त्यानं जात नाही.

आता वरच्या कार्यालयातून कुणीतरी येऊन नकाशा पाहून गेलं. वळण खोडून पट्टा सरळ करा, असा हुकूम आला आहे, आणि तो अमलात आणायचा मीच. पट्टा सरळ झाला की दोघं सूं करून एकमेकांच्या शेजारून निघून जातील आणि माझं पोस्ट ऑफिस पुन्हा उघडेल. उद्या नागरिकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठेवली आहे. बघू या. काकांना नमस्कार, आणि तुझे आशीर्वाद या पत्राच्या उलट टपाली पाठव.

तुझा,
पट्टेवाला भाचा

ता. क. : पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तोवर सुनावणी होऊन गेली. निदान तीन कुटुंबांची हरकत आली तर वळण ठेवता येतं, असा नियम आहे. शिंप्यानं हरकत घेतली (वळणावर लोक थांबतात आणि त्याच्या काचेत बघतात). मग सासरे उठले, आणि त्यांना न सांगता आलेली सूनबाई दुसऱ्या कोपऱ्यातून उठली. ई-स्कूटरवाल्यांना आवर घालायला वळण हवंच, असं ते म्हणाले. सायकलवाले समोर बघत नाहीत म्हणून हवंच, असं ही म्हणाली. मी मनात तीन मोजले. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, तुम्ही दोघं एकाच कुटुंबातले का? नाही म्हटलं असतं तर वळण वाचत होतं. सासरे सूनबाईकडे बघत म्हणाले, ‘‘मुलगी आहे माझी. एकच धरा.’’

ता. क. २ : तर एक कुटुंब कमी पडतंय आणि सुनावणी पुढच्या आठवड्यावर गेली आहे. आत्या, तुझं कुटुंब वेगळं धरतात, मी विचारून घेतलं. हरकत घेणाऱ्यानं एकदा तरी पट्टा वापरलेला असावा लागतो. सूनबाई तिची स्कूटर देते आहे. तिच्यावर एकालाच उभं राहता येतं (हा नियम मीच लिहिला, हात कलम करावेसे वाटतात), पण सासरे सायकलवरून तुझ्या मागोमाग राहतील. काकांना आधी सांगू नकोस.

ता. क. ३ : हे लिहितोय तेव्हा सासरे आमच्याच स्वयंपाकघरात बसले आहेत आणि दुसरा चहा चालू आहे. मी सहज म्हणालो, मग आता वळणाची तशी गरज उरली नाही. त्यावर बाप-लेक दोघंही एका सुरात माझ्यावर तुटून पडले. इतक्या महिन्यांनी त्यांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू येच.