ज्यांच्यामागे कोणीतरी असतं

सर, रविवारच्या पुरवणीत जिथे तुमचं सदर यायचं तिथे आता माझं येतं. तुम्ही असतात तर पहिल्याच ओळीला नाक मुरडलं असतंत. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग निवत नाही, म्हणून लिहितेय.

शहाद्याच्या वसतिगृहात राहून मी तुमच्याकडे मराठी शिकले. दर शुक्रवारी तुम्ही मला घरी बोलवायचात, कच्चा लेख हातात द्यायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. माझा दम जिथे तुटेल तिथे वाक्य तोडायचं, ही तुमची पद्धत. डोंगरातल्या पाड्यावरच्या मुलीच्या तोंडून शुद्ध मराठी ऐकताना तुम्हाला कोण अभिमान वाटायचा. अशाच एका शुक्रवारी मी वाचतेय, की धडगावला कचेरीसमोर जमाव आणला गेला, भोळ्या वनवासी बांधवांना कोणीतरी पुढे केलं. थोड्याच दिवसांपूर्वी बाजारपेठेतल्यांनी दुकानं बंद ठेवली, तेव्हा मात्र ते तुमच्या लेखात 'जागरूक नागरिक' होते. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "आहो, तिना बाप बी व्हता ना त्यामा?" तुम्ही घरातही पुस्तकी मराठी सोडत नव्हतात. "मी कोणाचं नाव घेतलंय का?" म्हणालात, आणि माझ्याकडे वळून, "हं, पुढे."

माझ्या बाबांना कोणी आणलं नव्हतं. कसत असलेल्या जंगलजमिनीचा हक्क मागायला ते फडक्यात भाकर बांधून, डोंगर तुडवत आपल्या पायांनी गेले होते. तुमचा लेख छापून आल्यावर ते अर्ज घेऊन पुन्हा कचेरीत गेले, तर साहेबांनी अर्ज उघडलाच नाही. "तुला कोणी पाठवलं ते सांग," एवढंच विचारत राहिले. जमिनीसाठी पुढे किती खेटे घातले ते सोडा. आपण स्वतःहून आलोय हे बाबांना पटवून देता येईना, ते मी विसरणार नाही.

आता तुमच्या नावाचं वाचनालय होतंय. संपादकांनी माझ्याकडे स्मरणलेख मागितला आणि मी तो जीव ओतून लिहिला, तुमच्याच हत्यारांनी. भोळेभाबडे सर. इतरांनी वापरून घेतलेले सर. त्यांच्या लेखणीमागे कोण होतं हे जाणकारांना सांगायला नको, असंही लिहिलं. नाव कोणाचंच घेतलं नाही. काय सुख झालं म्हणून सांगू.

अंक घेऊन मी गावी गेले आणि बाबांना सगळा लेख आमच्या बोलीत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या मास्तरची काही चूक नव्हती. दुसऱ्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं. बिचारा." आणि शेळ्यांना पाला टाकायला उठले. मला ओरडून सांगायचं होतं की तसं नाही, तो माणूस चहाचे घोट घेत, पुरतं समजून लिहीत होता. पण मग माझाच लेख खोटा ठरला असता. मी अंकाची घडी करून पिशवीत टाकली.

हे पत्र मी तुमच्या घरी टाकणार नाही. तिथे आता एकट्या काकू राहतात, आणि विचारायचं ते त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. बाबांनी तुम्हाला माफ केलं, सर, तेही माझ्या लेखामुळे. मी नाही केलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी बाबांशीही नीट बोललेली नाही.