कोरी मतपत्रिका

ओसाका
७ जून

आदरणीय वस्ताद,

तादाशीचा नमस्कार. इथे उकाडा सुरू झाला आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? काकूंनी पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. बायको ते पुरवून पुरवून वाढते. बाकी ठीक. सकाळी अमिदा बुद्धाचं नाव घेतो आणि त्याच तोंडाने कचेरीत जाऊन बोलतो. अलीकडे ही दोन्ही कामं एका तोंडाने होईनाशी झाली आहेत.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. परवा काकूंनी फोनवर विचारलंच, "टाय बांधून बांधून गळा आवळला का रे तुझा? इथे माणूस वाट बघतोय." म्हणून आज लिहायला बसलो.

तुम्ही एकच विचारलं आहे. जिथे तुम्ही मला वाळूचा साचा घडवायला शिकवलंत, ती ओतशाळा तोट्यात नसताना या शरदात बंद करायचं कोणी ठरवलं?

ती तोट्यात नाही, हे खरं. नफा थोडा, जमीन मात्र मोठी आणि समुद्राकाठची. टोकियोच्या एका गुंतवणूक फंडाने कंपनीचे बरेच शेअर घेतले आहेत. त्यांचं म्हणणं, जमीन विका आणि त्या पैशातून कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घ्यावेत, म्हणजे उरलेल्या शेअरांचा भाव चढेल. पण फंडाने नुसतं मागितलं. ठरवलं संचालकांनी.

आमचे अध्यक्ष अकाशी साहेब वाईट गृहस्थ नाहीत. एकदा सोबाच्या शेवया खाताना मी त्यांना म्हटलं, "तिथे तिसऱ्या पिढीची माणसं काम करताहेत."

"मिझोगुची, नफा वाढवून दाखवायला मला तीन वर्षं दिली आहेत," ते म्हणाले. "दर तिमाहीला गुंतवणूकदार विचारतात, भांडवलावर किती टक्के सुटले. माणसांचं एकाने तरी विचारावं, मी आनंदाने सांगेन." मग आपल्या ताटलीतलं तळलेली कोळंबी माझ्या वाडग्यात टाकत म्हणाले, "आणि तुम्ही काय परके? भाव चढला की तुमचंही भलंच आहे."

तेही खरं. गेल्या जूनच्या सभेत नियम झाला की संचालकांचा निम्मा मोबदला शेअरमध्ये मिळेल आणि ठरलेली टक्केवारी गाठली तरच. त्याच सभेत मी संचालक झालो. जानेवारीत ओतशाळेचा विषय आला. आमच्याकडे हात वर करत नाहीत, 'हरकत नाही' एवढंच पुटपुटतात. मीही पुटपुटलो.

इथे पत्र थांबवून चहा करून घेतला. राहिलेलं सांगायलाच हवं.

त्या मोबदल्याच्या नियमाला भागधारकांची मतं लागली होती. सभेची व्यवस्था माझ्याकडे होती. टपालाने आलेल्या मतपत्रिका माझ्यासमोर उघडल्या. आपल्या गावच्या, कंपनीचे शेअर जपून ठेवलेल्या निवृत्त मंडळींच्या जवळजवळ सगळ्या आल्या होत्या आणि रकाने कोरे होते. तुमचीही तशीच. सोबत चिठ्ठी, 'तुम्ही सगळं जाणता, तुमच्यावर सोपवतो.' थोरल्या मालकांच्या काळापासून आपण हेच करत आलो. खूण करणं म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणं, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण कोरी पत्रिका संचालकांच्या बाजूचं मत धरली जाते. पत्रिकेवर तसं छापलेलं असतं, अगदी बारीक. म्हणजे त्या नियमाला तुमचा होकार पडला, वस्ताद. मला ते ठाऊक होतं, तरी तुमची चिठ्ठी वाचून मला बरंच वाटलं.

हे तुमच्या माथी मारायला लिहीत नाही. तुमचा मुलगा शिगेओ आज त्याच भट्टीवर आहे. त्याला तुम्ही काय सांगत असाल, हे रोज स्वतःला विचारतो.

यंदाची पत्रिका घरी पोचली असेल. संचालकांना पुन्हा निवडायचं आहे. कोरी पाठवू नका. 'विरोध'च्या रकान्यात गोल करा आणि बाकीच्यांनाही घरी जाऊन सांगा. भट्टी वाचेल असं वचन देत नाही, फंडाकडे मतं फार आहेत. पण ज्यांना स्वतःच्या जुन्या माणसांनी नाकारलं, त्या संचालकांना जमीन विकायच्या कागदावर मान वर करून सही करणं जड जातं. निदान तुमच्या गप्प राहण्याला कोणी होकार म्हणणार नाही.

विरोधातून एखाद्याला वगळायचं असेल तर त्याचा क्रमांक लिहायची सोय आहे. माझा पाचवा. काकू म्हणतील, आपल्या पोराला वगळा.

वगळू नका.

तुमच्या हाताखाली घडलेला,
तादाशी