न तपासलेला मजकूर

१२ नोव्हें., बुध.
सिस्टिम अपग्रेड. सकाळी ६.१० ला सुरू, ६.५२ ला पूर्ण. एकही एरर नाही. ऑफिसात याच कामाला कंत्राटी इंजिनिअर दोन दिवस घेतो आणि जाताना प्रिंटर बिघडवून जातो. मी कुठलाही क्लास केलेला नाही. मॅन्युअल वाचतो. लोक वाचत नाहीत, एवढाच फरक.

संध्या. आतलं जुनं मशीन उघडायला गेलो. "ड्रायव्हर लोड झालेला नाही." अपेक्षित. सिस्टिम बदलली की पुन्हा बसवावा लागतो. उद्या.

सौ. म्हणे, "कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर कशाला? एक पुरत नाही तुम्हाला?" बावीस वर्षं संसार. मराठी टायपिंगचं माझं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं, आणि जुनी विंडोज आता अशी पेटीत बसवूनच चालवता येते, हे चौथ्यांदा सांगितलं. "अच्छा," म्हणाली, आणि मेथी निवडायला लागली.

१३, गुरु.
ड्रायव्हर बसेना. नवी सिस्टिम सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. योग्यच आहे. सही नसलेला कागद मीही घेत नाही, सेक्शनमध्ये त्यावरून माझं नाव खराब आहे.

इंटरनेटवरचा उपाय: "सुरक्षा बंद करून टाका, झालं." खाली ढीगभर लोकांचे आभार. कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणारी जमात.

स्वतःची किल्ली तयार केली, ड्रायव्हरवर सही केली, रीस्टार्ट, निळ्या पडद्यावर पासवर्ड. बसला. पहिल्या फटक्यात. रजिस्टरमध्ये आवृत्ती क्रमांकासकट नोंद.

१५, शनि.
साताऱ्याहून सुशीलाताईंचा फोन. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पलटणीतल्या दत्तूकाकांची मुलगी. काका गेले तेव्हा ही चार महिन्यांची. त्या वेळी काकांजवळ चौकीवर एकटे आबा होते. पन्नासवर वर्षं आबांनी त्याबद्दल कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. यंदा दिवाळीआधी एका दुपारी आपणहून म्हणाले, "बस. लिव्ह." सव्वादोन तास बोलले. मी टाईप केलं.

ताई: "दादा, झालं का हो तपासून? आईला वाचून दाखवायचंय. डॉक्टर म्हणतात, आता जे काय..."

म्हटलं, शेवटच्या टप्प्यात आहे.

तो मजकूर आतल्या मशीनमध्ये आहे. ते अजून उघडत नाही. आज नवी तक्रार: आतलं मशीन चालवायला प्रोसेसरची जी सोय लागते, ती दुसरंच कुणी धरून बसलंय. शोधलं. नव्या सिस्टिमने स्वतःचंच एक तसलं सॉफ्टवेअर न विचारता चालू ठेवलंय. न विचारता! असल्या गोष्टीला हे लोक सुधारणा म्हणतात. बंद केलं. एक ओळ.

१६, रवि.
स. १०. ड्रायव्हर ठीक, प्रोसेसर मोकळा. स्टार्ट दाबलं.

"जतन केलेली स्थिती जुन्या आवृत्तीची आहे. वाचता येत नाही." खाली दोन बटणं. एक, रद्द. दुसरं, डिस्कार्ड. म्हणजे ती स्थिती टाकून द्या आणि कोऱ्याने सुरू करा.

इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

ते मशीन मी कधी बंद करत नाही. अकरा वर्षं. कर्सर जिथे असेल तिथे गोठवतो, पुढच्या वेळी तिथूनच पुढे. रोज बंद-चालू करत बसणं हा इतरांचा उद्योग. आणि तपासल्याशिवाय मजकूर सेव्ह करत नाही. ड्राफ्ट मंजूर झाल्याखेरीज फाईलला लागत नाही, एकोणतीस वर्षांची सवय. आबांचं तपासायचं होतं. म्हणजे त्याची फाईलच नाही. तीन ठिकाणी बॅकअप आहे माझा, तिन्हीत नाही. गोठलेल्या मशीनच्या उघड्या खिडकीत तेवढा आहे.

डिस्कार्ड दाबलं की मशीन उत्तम चालेल. मजकूर नसेल.

सौ. चहा ठेवून गेली. गार झाला.

१८, मंगळ.
ऑफिसला अर्धी रजा. पेटीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती पुन्हा टाकून पाहिली. नव्या सिस्टिमवर ती बसत नाही. नवी आवृत्ती जुनं वाचत नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. मंत्रालयात बरं चाललं असतं यांचं.

दु. आबा बाल्कनीत उन्हाला. शहरभर दरवर्षीचा धूर होता, तरी बसले होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, ते दत्तूकाकांचं परत एकदा सांगाल?"

"का? लिवलंस न्हवं?"

"लिहिलंय. तपासतोय."

"मग तपास की. आरं, तू म्होरंच बसला व्हतास. सांग बरं, काय म्हनलो मी?"



'बर्फ' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये रफार एक घर पुढे पडतो, दर वेळी मागे घेतला, हे आठवतं. त्यांचं 'व्हता' दर ठिकाणी 'होता' केलं, आठवतं. फेब्रुवारी म्हणाले, आठवतं. मध्ये एकदा आबा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं वाक्य संपलं. पूर्णविराम दिला.

आबा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्ये येकदाच सांगायचं व्हतं." आणि खुर्ची उन्हात सरकवून घेतली.

२२, शनि.
मानेसरहून मेव्हणा. अजय, बी.ई. कंपनीच्या बसने ऑफिसला जातो आणि स्वतःला प्लांट हेड समजतो. सौ.ने बोलावलं होतं, मला न सांगता.

"दाजी, यार, एवढंच ना? डिस्कार्ड मारा. बिल्कुल सिंपल." आणि हात सरळ माउसवर. बाण बटणावर. मनगट धरून बाजूला केलं. जरा जोरात झालं असेल.

सौ.: "माझ्या भावावर हात उचललात?"

"माउसवर उचलला. त्याचा हात मध्ये होता."

मग तिने विचारलं, असं आहे तरी काय त्यात. सांगावं लागलं. ती म्हणाली, "म्हणजे आबा बोलत होते तेव्हा नुसतं सेव्ह दाबायचं होतं?" चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाने जे विचारलं नाही ते हिने विचारलं.

अजय जेवून जाताना म्हणे, "दुसऱ्या डिस्कवर जुनी सिस्टिमच टाकून बघा ना, दाजी." हे माझ्या मनात मंगळवारपासून होतं. त्याला तसं सांगितलं. "हां हां," म्हणाला.

संध्या. बाजारातून डिस्क. दुकानदार: "सर, इतना पुराना सिस्टम आजकल कौन चलाता है?" म्हटलं, "जिसने पढ़ा है, वो।" बिल न बघता खिशात टाकलं. असं मी करत नाही.

२३, रवि.
वेगळी डिस्क. जुनी सिस्टिम, जुना ड्रायव्हर, जुनी आवृत्ती, रजिस्टरमधला एकेक क्रमांक ताडून. कुणी लिहून ठेवतं का असं? मी ठेवतो. गोठलेल्या स्थितीची प्रत घेतली, मूळ फाईलला हात नाही. ११.४० ला स्टार्ट.

या वेळी नकार आला नाही. पट्टी सरकली. ४ टक्के. ९. मग सावकाश.

तेवढ्यात बाल्कनीतून आबांचा आवाज. सौ.ने सुशीलाताईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. आधी ताईंना सगळं सांगून टाकलं होतं, हेही तिथेच कळलं. मला कुणी विचारलं नाही.

आबा म्हणत होते, "पोरी, रडू नगं. तुजी आई हाय का तितं जवळ? तिच्या कानापाशी धर. तुज्या बापानं माजं हातमोजं घातलं व्हतं. त्येचं भिजल्यालं. मी म्हनलो घाल."

दारातच थांबलो.

हातमोज्यांचं त्या दिवशी सांगितलं होतं का? टाईप केलं का मी? बोटांना आठवायला हवं. आठवत नाही.

पेन खिशात होतं. काढलं नाही. आबा थांबले. पलीकडे ताईही थांबल्या. बराच वेळ. मग पुढे बोलले.

सौ. खोलीतून आली, हळूच म्हणाली, "अहो, एकसष्टवर थांबलंय. काहीतरी विचारतंय वाटतं. काय दाबू?"

"काही दाबू नकोस."

आबा म्हणाले, जानेवारीचा महिना व्हता. मला सांगताना फेब्रुवारी म्हणाले होते. दुरुस्त केलं नाही.