आश्विनातला श्रावण

मोरा, उरण
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय धनेशराव यांस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र. पत्राला रेंज लागत नाही.

तुम्ही तपासणी करून घेईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही, असं आमच्या सरस्वतीने ठरवल्याचं कळलं. श्रावण संपला, गणपती गेले, दसरा झाला, तरी होडीच्या मालकाच्या ताटात पडवळ. पंचांगकर्त्यांनाही न सुचलेला योग. वर्गात मी दोनदा उगाच हसलो.

काही दुखत नाही तर डॉक्टर कशाला, असं तुम्ही म्हणता. होडी तरी कुठे कण्हते? तरी दर पावसाळ्यात तिला किनाऱ्यावर ओढून फळीफळी ठोकून बघता. एक संस्कृत वचन देणार होतो, पण पडवळावर ते पचत नाही.

आमच्या बाबांनाही काही दुखत नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी जाळं ओढता ओढता गेले. दाब कधी मोजलाच नव्हता. तुम्हाला परवा चोपन्नावं लागलं. ती पडवळ का रांधते, ते ओळखा.

लोभ आहेच, मासळी सुटली की वाढवा.
आपला,
सिताराम

दिवाळे, बेलापूर
१४ ऑक्टोबर

ती. सितारामदादांस,
शि. सा. न.

पत्राने टेन्शन दिलं, म्हणून गेलो. उपाशीपोटी जायचं होतं, मी चहा-बटर खाऊन गेलो. परत पाठवलं. सरस्वती काय बोलली ते लिहीत नाही, तुमी गुरुजी माणूस. दुसऱ्या खेपेला डोळे गच्च मिटून झालं का विचारलं, तर नर्स म्हणाली, काका, अजून सुरूच केलं नाही.

साखर बरी, प्रेशर एकशेसाठ. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं. रोज एक गोळी, सुकट बंद, ताजी मासळी चालेल. रात्री जिताड्याचं कालवण झालं. दोनदा भात घेतला.

आता वाईट बातमी. सरस्वतीने बाबांचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, मग त्यांच्या मुलांनी आधी यायला हवं. मुलं म्हंजे ती आणि तुमी. तिने तिथंच दंड पुढे केला, तिचं नॉर्मल. मग उन्नतीवहिनींना फोन लावला. उद्यापासून मोऱ्याला श्रावण हाय. यात माझा हात नाही. होडीची गोष्ट तेवढी मी दोघींना वाचून दाखवली.

राग नसावा, भूक असावी.
तुमचा,
धनेश

मोरा
१६ ऑक्टोबर

चि. सौ. सरस्वतीस,
अ. उ. आ.

काल भोपळा, आज भोपळा. उद्याचं विचारलं तर तुझी वहिनी नुसती हसते.

मी सत्तावन्न वर्षांचा. चोपन्न ओलांडलं त्या दिवशी कुणाला न सांगता देवापुढे नारळ फोडला. सुटलो, असं समजलो. मोजायला गेलो तर ती सुटका खोटी ठरेल, म्हणून गेलो नाही. आणि उपदेश धनेशरावांना करत बसलो. हे त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवशीलच.

शनिवारी सकाळी येतो, चहासुद्धा न पिता. दंडाला पट्टा आवळतील तेव्हा तू शेजारी उभी राहा. आकडा काहीही येवो, जिताड्याचं डोकं माझं.

लोभ राहू दे, भोपळा पुरे.
तुझा,
दादा