बाय, तुझी वाकळ मी ओढ्यात धुतली नाही

प्रिय बाय,

आज तुझा तिसरा दिवस. उन्हं कलली आहेत आणि तुझी वाकळ मी ओढ्यात धुतलेली नाही. धुणारही नाही. पाड्यातली माणसं हे आपापल्या परीने फिरवून सांगतील. तुला ते माझ्याकडून, घडलं तसं कळावं म्हणून लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. मग काय झालं? नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवीन.

"मिठाच्या पुडीवरून शिकलेला पंडित!" असं म्हणायचीस ना मला? खोटं नव्हतं. खोडाळ्याच्या बाजारातून मीठ आणायचं, पुडीचा कागद उन्हात वाळवायचा आणि एकेक अक्षर दुकानदाराला विचारायचं. शाळेची पायरी पाहिली नाही, पण संस्थानच्या दरबारचा कागद पाड्यात आला की माझ्याच दाराशी येतो. तुला त्याचा अभिमान होता. तोंडावर मात्र कधी बोलली नाहीस!

आपल्या पाड्यातल्या सोनीची आई पटकीने गेली, तेव्हा सोनी ओली बाळंतीण. म्हणून म्हातारीची वाकळ धुवायला तू पुढे झालीस. आपली रीतच तशी: तिसऱ्या दिवशी मेलेल्याची वाकळ धुतली की जीव घरातून सुटतो. तू वाकळ काखेत मारून दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "महादू, खालच्या डोहात बुचकळून येते रे. म्हातारीला काय कळनार हाय?"

आणि मी, बारीकसारीक चुका काढणारा तुझा भाऊ, काय म्हणालो? "डोहाचं पाणी थांबलेलं. रीत वाहत्या पाण्याची आहे. वाहतं म्हणजे वाहतं."

वैशाखात वाहतं पाणी कुठे असतं? फक्त वर, उंबराखालच्या खडकावरून. तिथून ते वाळूत शिरतं आणि खाली वळणावर वाळू उकरून आपण डवरा केलाय, त्यात झिरपतं. अर्धा पाडा त्यातलंच पितो. उंबरापासून डवऱ्यापर्यंत माझी एकशे चाळीस पावलं. काल दोनदा मोजली. तुला वर पाठवण्याआधी एकदा तरी मोजायला नको होती का?

"तुझी अक्षरं मला डोंगर चढवतात बघ," असं म्हणत तू गेलीस. जन्मभर माझं कधी ऐकलं नाहीस, बाय. माझ्या लग्नात ऐकलं नाहीस, तापात अंथरुणावर पडून राहा म्हटलं तर ऐकलं नाहीस. मग त्याच एका दिवशी का ऐकलंस?

त्याच दुपारी मी आणि रखमा तिच्या माहेरी सूर्यमाळला गेलो. चौथ्या दिवशी तू अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. परतलो तेव्हा तुझे डोळे खोल गेले होते आणि तू पाणी मागत होतीस. मी धावत जाऊन आणलं. डवऱ्यातलं! शेवटचं पाणीसुद्धा तेच पाजलं तुला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी दारोदार विचारत फिरलो. डवऱ्यावरच्या प्रत्येक घरात पटकी शिरली होती. कड्याखालच्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या एकाही घरात नाही. भगत म्हणाला, देवी कोपली. मी विचारलं, देवी मडकं कुठे भरलं ते बघून कोपते का? गडी हसला नाही.

आज सकाळी पंच उंबराखाली बसले. मला बोलावणं आलं: तुला मूलबाळ नाही, तेव्हा वाकळ भावाने धुवायची. मी म्हणालो, "वाकळ मी जाळणार. ओढ्यात काही जाणार नाही."

धर्माकाका कारभारी ताडकन उठले. "जाळनार? बहिनीचा जीव याच उंबराखाली अडकंल, लाज नाय वाटत?" आणि मग नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं: "वाहतं पानीच पायजे, असा तूच बोल्लास ना सोनीच्या आयशीच्या येळंला? आता बहिनीच्या पाळीला रीत बदलली?"

बाय, गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "हो काका, मीच बोललो. माझ्या शब्दावर ती वर आली, आणि त्या शब्दाने तिला नेलं. मी चुकलो. तेव्हाचं माझं मानता, तर आता हेही ऐका: डवऱ्याच्या वर एक चिंधीसुद्धा धुवायची नाही."

माझ्या तोंडून "मी चुकलो"! तू असतीस तर पुन्हा म्हणायला लावलं असतंस.

पंचांनी डवरा आपल्या घराला बंद केला. काका म्हणाले, "आनि दरबारलाबी कळवू." मी म्हणालो, "जरूर कळवा. पण अर्ज लिहिणार कोण? दुपारी या माझ्याकडे, लिहून देतो. माझ्याविरुद्ध आहे म्हणून शब्द कमी करणार नाही." मागे कुणीतरी खुदकन हसलं. काकांनी वळून पाहिलं, तेव्हा सगळे गंभीर!

भर दुपारी आपल्या नागलीच्या शेतात, ओढ्यापासून लांब, खड्डा खणून वाकळ जाळली. कोपऱ्यातला तो निळा तुकडा, आईच्या लुगड्याचा, सगळ्यांत शेवटी जळला. कापून ठेवावासा वाटला होता. ठेवला नाही.

रखमा आता झऱ्यावरून आली. डवरा दारासमोर असताना कड्याखालपर्यंत चढली आणि भरलं मडकं घेऊन उतरली. तिच्या मागे आणखी एक मडकं दिसलं. सोनी! पोर पाठीला बांधून. तिला डवरा बंद नाही. मी म्हणालो, "तुला कशाला एवढी चढण?" ती म्हणाली, "मामा, डवऱ्यातलं आता घशाखाली उतरत नाय." एवढंच. पुढे गेली.

तेव्हा आता माझा शब्द घे. दर उन्हाळ्यात, वाहतं पाणी फक्त उंबराखाली उरलं की मी त्या खडकावर बसेन. वाकळ घेऊन येणारा कारभारी असो की भगत, माझ्या अंगावरून जावं लागेल. आणि तुझा जीव तिथे अडकलाच असेल, तर बाय, सुटायची घाई करू नकोस. उंबरावरच बस. मला डुलकी लागली आणि कुणी वाकळ भिजवायला वाकलं, तर तुझी ती नेहमीची, दोन डोंगरांपलीकडे जाणारी हाक मार.

या वेळी मी ऐकेन.

चुकलेला, पण आता हटणार नाही असा,
तुझा महादू